काळ्या कपड्यांतली भाची

मुंबईला गेलेल्या प्रत्येकाने सीएसटीची इमारत पाहिलेली असते. टोकदार कमानी, रंगीत काचा, भिंतीतून तोंड बाहेर काढणारी दगडी जनावरं. या शैलीला गॉथिक म्हणतात. गॉथ ही मूळची रोमशी लढलेली जर्मन टोळी. पुढे इटलीतल्या विद्वानांनी मध्ययुगातल्या इमारतींना 'रानटी' या अर्थाने हे नाव चिकटवलं. लंडनचं सेंट पॉल्स कॅथेड्रल बांधणारे ख्रिस्तोफर रेन यांचं तर मत होतं की या शैलीला सॅरसेनिक, म्हणजे मुसलमानी म्हणायला हवं. आम्ही शाळेत इतिहास शिकवतो, पण हे आम्हाला पुस्तकातून नाही, भाचीमुळे शोधावं लागलं.

आमच्या नणंदबाई लग्न होऊन बर्मिंगहॅमला गेल्या, त्याला वीस वर्षं होऊन गेली. त्यांची मुलगी सतरा वर्षांची आहे आणि ती स्वतःला गॉथ म्हणवते. गेल्या ऑगस्टात ती आली तेव्हा चिपळूणला धो धो पाऊस होता. काळा घोळदार झगा, जाळीच्या बाह्या, दहा बोटांत सात चांदीच्या अंगठ्या आणि चिखलात रुतणारे जाडजूड बूट. सासूबाईंनी तिच्या सलामाचा जवाब दिला आणि लगेच विचारलं, "कुणाची मय्यत झाली?"

सवाल तसा चुकीचा नव्हता. विलायतेत काळा रंग मातमचाच. राणी व्हिक्टोरियाचा नवरा 1861 साली वारला आणि तिने मरेपर्यंत, म्हणजे 1901 पर्यंत, काळेच कपडे घातले. राणी घालते म्हणून बाकीच्या बायकाही दुखवट्यात व्हिटबी गावच्या काळ्या जेट दगडाचे दागिने वापरू लागल्या. नाव दगडाचं, पण असतं ते करोडो वर्षांपूर्वीचं लाकूड. त्याच व्हिटबीच्या किनाऱ्याला ड्रॅक्युलाचं जहाज लागतं, 1897 च्या त्या कादंबरीत. 1994 पासून तिथे गॉथ लोकांचा मेळा भरतो. भाची अजून गेलेली नाही, पैसे साठवते आहे.

हे लोक एकत्र आले ते गाण्यांमुळे. 1979 साली नॉर्दॅम्प्टनच्या बाउहाउस नावाच्या बँडने जुन्या ड्रॅक्युला सिनेमातल्या नटावर नऊ मिनिटांहून लांब गाणं काढलं. 1982 मध्ये लंडनच्या सोहो भागात बॅटकेव्ह नावाचा क्लब सुरू झाला. भाचीने आम्हाला ते गाणं ऐकवलं. खरं सांगायचं तर आमच्या कानांना ते मानवलं नाही.

कपड्यांचं मात्र कौतुक वाटलं. जुन्या कपड्यांच्या दुकानातून ती झगे आणते, उसवते, काळे रंगवते, पुन्हा शिवते. सासूबाईंचं जुनं शिलाई मशीन तिने दोन दिवसांत ताब्यात घेतलं, मग नानी-नातीची गट्टी जमली. नानीने सुरमादाणी काढून दिली तेव्हा पोरीला ईद झाली. नेलपॉलिश ती नमाज नसलेल्या दिवसांतच लावते, हेही नानीने हळूच आम्हाला सांगितलं, जणू वकीलपत्रच घेतलं होतं.

एका रात्री लाइट गेली होती. आम्ही तिला विचारलं, हेच का? ती मोडक्या मराठीत म्हणाली, "मामी, तिकडे सगळे विचारतात, तू नक्की कुठली? इथे आले की इथेही विचारतात. या कपड्यांतल्या मुलींनी मला पहिल्यांदा विचारलं, तू कोणता बँड ऐकतेस?"

आता ज्यासाठी नणंदबाईंनी तिला आमच्याकडे पाठवलं होतं, ते. शिक्षक आहात, समजावून सांगा, हा लिबास सोडून दे म्हणावं. त्यांना भीती होती आणि भीतीला कारण होतं. 2007 च्या ऑगस्टमध्ये लँकेशायरच्या बेकप गावातल्या बागेत पोरांच्या एका टोळक्याने सोफी लँकेस्टर या वीस वर्षांच्या मुलीला आणि तिच्या मित्राला मारलं. मित्र खाली पडला, तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं, तर तिलाही लाथांनी तुडवलं. तेरा दिवसांनी ती गेली. गुन्हा एवढाच की दोघं वेगळे दिसत होते. तिच्या आईने, सिल्व्हिया लँकेस्टर यांनी, तिच्या नावाने संस्था काढली. 2013 पासून ग्रेटर मँचेस्टरचे पोलीस अशा हल्ल्यांची नोंद द्वेषाचा गुन्हा म्हणून करू लागले.

आम्ही व्हिडिओ कॉल लावून दिला, मायलेकींनी समोरासमोर बोलावं म्हणून. नणंदबाई रडल्या. रस्त्यात कुणी काही केलं तर? भाची थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "अम्मी, बसमध्ये तो माणूस तुझ्या स्कार्फवरून ओरडला होता. तू दुसऱ्या दिवशी काढून गेलीस का?"

"ती गोष्ट वेगळी आहे," नणंदबाई म्हणाल्या. वेगळी आहेच. एक अल्लाहचा हुकूम म्हणून, दुसरी पोरीच्या आवडीची. आम्हीही तिला तसं म्हणालो आणि ती मान्य करते. पण बसमधल्या त्या माणसाला हा फरक कुठे ठाऊक? ते कापड सोड, असं तिला सांगायला आमची जीभ वळली नाही आणि नणंदबाईंना आम्ही तसं कळवलं.

आता ठरलंय असं की अंधार पडल्यावर एकटीने यायचं नाही. ती बसमधून फोन करते. नणंदबाई काळा अबाया घालून स्टॉपवर उभ्या राहतात आणि दोघी चालत घरी येतात.