मोत्यासह आकुर्डीची प्रदक्षिणा

रविवारीं पहाटे मोत्यास घेऊन आकुर्डीहून निघावयाचें, हा आमचा जुनाच परिपाठ. खंडोबाच्या माळावरून आम्ही प्रथम निगडीच्या दुर्गाटेकडीकडे वळलों. पायथ्याच्या झाडींत मोत्या पूर्वीं खारींमागें धांवे. आतां नुसता हुंगतो. रावेतच्या वाटेवर ज्या शेताच्या बांधाशीं तो विसावत असे, तेथें आज इमारतीचा पाया खणलेला! स्वारी मात्र हट्टानें त्याच जागीं बसली. बंधाऱ्याशीं पवना संथ होती. पिंपरी-चिंचवडकरांच्या नळांचें बरेंच पाणी येथूनच उचललें जातें; सकाळीं तोटी सोडतांना हें कितीजणांस स्मरतें? परततांना मोत्याचे पाय थकले. दादांनीं त्यास खांद्यावर घेतलें. आषाढीस निघालेली तुकोबांची पालखी देहूनंतर ज्या विठ्ठलमंदिरीं मुक्कामास येते, तेथें आम्ही क्षणभर टेकलों. घरीं वहिनींनीं दूधभाकरी कुसकरून ठेवलीच होती.