वाडीच्या घाटावरून श्रवण

गेल्या श्रावणांत आम्ही सहकुटुंब नृसिंहवाडीस गेलों होतों. कृष्णा घाटाच्या पायऱ्या चढत होती. पंचगंगा तीस मिळते तेथें पाण्याचे दोन रंग निरनिराळे दिसतात, असें मुलें सांगत होतीं. दृष्टिपटलाचा विकार जडल्यापासून असल्या गोष्टी आम्हीं ऐकूनच पहावयाच्या!

पालखी आटोपल्यावर पुतण्यासह घाटाच्या वरच्या अंगास बसलों. आकाश ढगांनीं भरलेलें. तीस वर्षें विद्यार्थ्यांस श्रवणाचे तीन तारे बोट करून दाखविले, ते आतां निरभ्र रात्रींही आम्हांस दिसत नाहींत, हें शल्य बोलून दाखविलें. पुतण्या पुण्यास ज्योतिर्विज्ञानाचा अभ्यास करतो. तो म्हणाला, "काका, श्रवणाच्या पश्चिमेस, हात लांब करून धरलेल्या मुठीएवढ्या अंतरावर एक जुळें आहे. तें तुम्हांला दिसत नाहीं, तसें मलाही दिसत नाहीं."

१९९२ सालीं क्ष-किरणांवरून सांपडलेल्या ह्या जुळ्याचें नांव रुक्षच आहे: जीआरएस १९१५+१०५. तें सुमारें २८ हजार प्रकाशवर्षें दूर असून मधल्या धुळीनें त्याचा दृश्य प्रकाश गिळला आहे. सूर्याच्या सुमारें १२ पट वस्तुमानाचें कृष्णविवर आणि सूर्याहून हलका, पण फुगलेला तारा सुमारें ३४ दिवसांत एकमेकांभोंवतीं फिरतात. ताऱ्याचें द्रव्य ओढलें जाऊन विवराभोंवतीं चकतीसारखें फिरतें, तापतें, क्ष-किरण फेंकतें. आणि कांहीं द्रव्य दोन उलट दिशांस झोतांनीं उसळतें. हे झोत प्रकाशाहूनही वेगानें धावतात असा भास १९९४ त झाला होता. तो भासच; परंतु वेग प्रचंड असल्यावांचून तो होत नाहीं.

न दिसणाऱ्याचा माग लागतो कसा? आम्हीं मास्तरी प्रश्न केला. त्यानें येथलाच दृष्टांत दिला. कोल्हापुरास पंचगंगा फुगली कीं कांहीं वेळानें वाडीस पाणी चढतें. दोन्हीकडील पायऱ्या मोजणाऱ्यास पूर कोठून आला हें समजतें. तसेंच १९९७ त निरनिराळ्या दुर्बिणींनीं एकाच वेळीं पाहतां आधीं क्ष-किरण ओसरले, मग अवरक्त किरण उसळले, आणि कांहीं मिनिटांनीं मागून रेडिओ लहरी. चकतीचा आंतला भाग रिता होतो आणि झोत निघतो, तें असें उमगलें. नारायणगांवाजवळ खोडद येथील दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांनीं ह्याच जुळ्याच्या रेडिओ लहरी टिपल्या आहेत. २०१५ त सोडलेल्या अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहानें क्ष-किरण. खोडदच्या कामास ढगांची अडचण नाहीं, रात्रच पाहिजे असेंही नाहीं.

पहांटे पाणी आणखी दोन पायऱ्या चढल्याचें पुतण्यानें येऊन सांगितलें. आम्हांस तें घाटाच्या आवाजावरून आधींच कळलें होतें.