दोन पेरं

ब्लॅक सॅबाथच्या पहिल्या एलपीच्या कव्हरवर जी भुताळी पाणचक्की दिसते, तिथे गहू दळले जातात, हे मला अलीकडेच कळलं आणि त्या रेकॉर्डला नीट घाबरणं कायमचं बिघडलं. कव्हर ज्यांनी पाहिलं असेल त्यांना आठवेल: गुलाबी-करड्या, आजारी उजेडातली वाळकी झुडपं, मागे जुनं विटकरी घर, पुढे काळ्या झग्यातली फिक्या चेहऱ्याची बाई. कीथ मॅकमिलन या फोटोग्राफरने इन्फ्रारेड फिल्म वापरली, म्हणून पानापानांवर तो रंग चढला. घर म्हणजे ऑक्सफर्डशरमधल्या मेपलडरम गावची गिरणी. फोटो काढला तेव्हा ती बंद होती. पुढे तिची डागडुजी झाली आणि चाक पुन्हा फिरू लागलं. थेम्स नदीवर दळण करणारी ती शेवटची गिरणी. आता ते कव्हर हातात घेतलं की मी त्या बाईच्या हातात पिठाचा डबा शोधतो.

हे शोधत बसायचं कारण साधं होतं. मुलगी शिकायला बाहेरगावी गेली, जाताना तिची पुस्तकं घेऊन गेली आणि कपाटात वीतभर जागा मोकळी झाली. डावीकडे किशोरीताई आणि कुमारजी, उजवीकडे राहुल देव बर्मन. मधली वीत ब्रिटिश हेवी मेटलला द्यायची, हे मी कुणाला न विचारता ठरवून टाकलं. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस २०१६ मध्ये बंद झालं, तेव्हापासून अशी खरेदी उभ्या उभ्या, चार कव्हरं उलटीपालटी करून होत नाही. बाहेरून मागवायचं, टपालखर्च आणि कस्टम भरायचं. एकेक रेकॉर्ड इतकी महाग पडते की माणूस आपोआप चोखंदळ होतो.

चोखंदळ म्हणजे काय, यावर मात्र मतं निराळी. काहींचा जीव पहिल्या आवृत्तीत अडकतो. व्हर्टिगो कंपनीच्या सुरुवातीच्या लेबलवर काळ्या-पांढऱ्या वर्तुळांचा मोठा भोवरा छापलेला असे, रेकॉर्ड फिरली की बघणाऱ्याचे डोळे गरगरावेत असा. त्या भोवऱ्यासाठी लोक वेड्यासारखे पैसे मोजतात. काहीजण सुई संपते तिथल्या कोऱ्या पट्टीवर कोरलेले आकडे भिंगातून वाचतात. मला हे छंद मान्य आहेत, परवडत नाहीत इतकंच. माझी चाळणी वेगळी. रेकॉर्डमध्ये ती जिथे जन्मली ते गाव ऐकू यायला हवं. महागड्या स्टुडिओत घासूनपुसून गुळगुळीत केलेली, कुठल्याही शहरातून आली असती अशी रेकॉर्ड मी उचलत नाही. त्यामुळे शेफिल्डच्या डेफ लेपर्डची नंतरची गाजलेली एलपी आमच्या वितेबाहेर राहिली. तिचे चाहते रागावले तर रागावोत.

गाव ऐकू येण्यात बर्मिंगहॅमचा पहिला मान. सॅबाथची चौघं तिथल्या ॲस्टन भागातली, ओतशाळा आणि पत्र्याच्या कारखान्यांच्या सावलीत वाढलेली. गायक ऑझी ऑस्बोर्न तर काही काळ कत्तलखान्यात कामाला होता. पहिली रेकॉर्ड त्यांनी १९६९ च्या ऑक्टोबरात जवळजवळ एका दिवसात वाजवून संपवली. ती बाजारात आली १३ फेब्रुवारी १९७० ला, वार शुक्रवार. पण मला सगळ्यात जास्त ओढ तिसऱ्या रेकॉर्डची आहे, ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’ची, आणि ती का, हे सांगायचं तर गिटारवाल्या टोनी आयोमीच्या बोटांपाशी जावं लागतं.

आयोमी सतरा वर्षांचा होता, पत्र्याच्या कारखान्यात कामाला. एका बँडबरोबर जर्मनीला जायचं ठरलं म्हणून त्याने नोकरी सोडली होती आणि तो शेवटचा दिवस होता. प्रेसवरचं नेहमीचं माणूस आलं नव्हतं, म्हणून त्याला तिथे उभं केलेलं. दुपारी जेवायला घरी आल्यावर परत जाऊच नये असं त्याच्या मनात होतं. आई म्हणाली, दिवस पुरा करून ये. तो गेला आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं प्रेसखाली गेली. वाजवायला तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका उजवा. पुढे कारखान्याच्या फोरमनने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. आगीत दोन बोटं निकामी होऊनही गिटार वाजवणारा जिप्सी. ते ऐकून आयोमीने भांडी घासायच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवली, तिच्या टोप्या केल्या, घासून बोटाएवढ्या केल्या, वर जुन्या जाकिटाचं चामडं चिकटवलं आणि पुन्हा वाजवायला बसला. जाड तारा दाबवेनात म्हणून बँजोच्या पातळ तारा लावल्या.

ही हकीकत मी एका जुन्या इंग्रजी मासिकात वाचली, तेव्हा कॉलेजात होतो आणि सुट्टीत भोसरीला मामाकडे राहायला गेलेलो. मामा एमआयडीसीत पॉवर प्रेसवर होता. स्कूटरला लागणाऱ्या ब्रॅकेटी काढायचा. त्याच्या डाव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींचं वरचं पेर नव्हतं. प्रेस चालवायला दोन हातांनी दोन बटणं एकदम दाबावी लागतात, म्हणजे हात डायमध्ये राहूच नयेत अशी सोय असते. पण नगावर पैसे असले की एक बटण कुणीतरी पट्टी लावून कायमचं दाबून ठेवतं. मग एक हात पत्रा सरकवायला मोकळा. त्या शॉपमधल्या प्रत्येकाला ती पट्टी माहीत होती, सुपरवायझरलाही. मामा तिच्याबद्दल कडवटपणे बोलायचा नाही. पाऊस कधी लागला हे सांगावं तितक्या सहज सांगायचा.

त्याची एक सवय मला अजून दिसते. हिशेब तो पेरांवर करायचा. भिशीचे पैसे, रेशनचं सामान, ओव्हरटाइमचे तास, काहीही. एका बोटाला तीन पेरं धरून अंगठा करंगळीपासून चालत निघायचा. जिथे पेर नव्हतं तिथेही तो क्षणभर हवेत थांबायचा आणि पुढे जायचा. हिशेब कधी चुकला नाही. मामी म्हणायची, यांची गेलेली पेरं अजून कामावर आहेत.

तर मी मोठ्या उत्साहाने त्याला आयोमीची गोष्ट सांगितली. मला वाटलं होतं, बाटलीच्या टोप्यांपाशी तो चमकेल. तो चमकला त्याच्या कितीतरी आधी.

“शेवटच्या दिवशी मशीनवर कोण जातं रे? शेवटच्या दिवशी पेढे वाटायचे, गेटवर चहा प्यायचा आणि घरी यायचं.”

मग त्याने विचारलं, प्रेस किती टनी होती. गार्ड होतं का. आणि भरपाई किती मिळाली. मी म्हटलं, मामा, मासिकात ते दिलेलं नाही, गिटारबद्दल आहे सगळं. “मग छापलं कशाला?” म्हणून त्याने तंबाखूची पुडी उघडली.

मी हरलो नाही. माझ्याकडे ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’ची मित्राकडून भरून घेतलेली कॅसेट होती, ती त्याच्या टेपवर लावली. मामाने अर्धं गाणं ऐकलं आणि जाहीर केलं, “सेल उतरलेत.” खरं तर यापेक्षा चांगलं संगीत-समीक्षण मी त्या रेकॉर्डचं वाचलेलं नाही. आयोमीने त्या एलपीतल्या बऱ्याच गाण्यांत तारा दीड सुराने खाली उतरवल्या होत्या. तारा सैल झाल्या की दुखऱ्या बोटांवरचा ताण कमी होतो आणि आवाज जाड, चिखलासारखा होतो. बासवाल्या गीझर बटलरनेही आपल्या तारा तितक्याच उतरवल्या. मामा चपला घालून कोपऱ्यावरच्या टपरीवर गेला आणि नवे सेल घेऊन आला. नव्या सेलांवरही गाणं तितकंच जड चाललं. मग टपरीवाल्याने जुने सेल गळ्यात मारले, असं ठरवून मामा भांडायला परत गेला. टेपवर तोवर बाजू संपली होती.

जगभरच्या हजारो बँडांनी पुढे तारा उतरवून घेतल्या, ज्यांची दहाही बोटं शाबूत होती त्यांनीसुद्धा.

२०२५ च्या जुलैत सॅबाथची चौघं ॲस्टनमधल्याच व्हिला पार्कवर शेवटची एकत्र वाजली, ऑझी सिंहासनावर बसून गायला, आणि अडीच आठवड्यांनी तो गेला. त्यांची ‘पॅरानॉइड’ मी घेत नाहीये. ती ज्याच्याकडे बघाल त्याच्याकडे असते, लागली तर मागून आणता येते.

जुडास प्रीस्टच्या बाबतीत मी अडकलो. हेही त्याच पट्ट्यातले, गायक रॉब हॅलफर्ड शेजारच्या वॉल्सॉलचा. सगळे सांगतात ‘ब्रिटिश स्टील’ घ्या. १४ एप्रिल १९८० ला आलेली, आणि गंमत म्हणजे लंडनच्या आयर्न मेडनची पहिली एलपीही त्याच दिवशी आली. इंग्लंडातल्या पोलाद कामगारांचा तीन महिन्यांचा संप त्याच महिन्यात मिटला होता, त्यामुळे नावाला वेगळीच धार होती. रेकॉर्डिंग झालं बीटल्समधल्या रिंगो स्टारच्या बंगल्यात, जो आधी जॉन लेननचा होता. तयार आवाजांची पेटी तेव्हा हाताशी नव्हती. काच फुटल्याचा आवाज हवा तर यांनी दुधाच्या बाटल्या फोडल्या. यंत्रमानवांची पावलं हवीत तर काट्या-चमच्यांचे ट्रे हापटले. लेननच्या घरात कुणीतरी रात्रभर चमचे आपटतंय, ही कल्पना मला गाण्यांहून जास्त आवडते. अडचण कव्हरची आहे. मोठंच्या मोठं दाढीचं ब्लेड आणि ते चिमटीत धरलेली बोटं, पातं मांसात रुतलेलं, रक्त मात्र नाही. रोस्लाव शायबो या पोलिश चित्रकाराचं काम, उत्तम काम. पण मी भोसरीत राहिलेला माणूस. ते कव्हर रोज समोर नको. म्हणून प्रीस्टची १९७६ ची ‘सॅड विंग्ज ऑफ डेस्टिनी’ घेतली. तिच्यात अजून पियानो आहे, लाजरेपणा आहे, आणि हॅलफर्डचा आवाज कुठवर चढेल याचा अंदाज बँडलाही आलेला नसावा असं वाटतं.

मेडनची पहिलीच घेतली, पॉल डिआनोच्या खरखरीत गळ्याची. ब्रूस डिकिन्सन नंतर आला आणि बँडला आभाळ दिलं, हे मान्य. १ फेब्रुवारी २००८ ला तो स्वतः विमान चालवणाऱ्यांत बसून सगळा बारदाना मुंबईत घेऊन आला, वांद्रे-कुर्ला संकुलात दौऱ्याचा पहिला कार्यक्रम झाला, त्याची धूळ माझ्या बुटांना लागलेली आहे. तरी घरात ऐकायला मला पूर्व लंडनच्या गल्लीतला डिआनो बरा वाटतो.

मोटरहेडची ‘नो स्लीप टिल हॅमरस्मिथ’ कुणी वाद न घालता विकत घ्यावी. नावात हॅमरस्मिथ आहे आणि तिथे वाजवलेलं एकही गाणं नाही. बहुतेक सगळी लीड्स आणि न्यूकॅसलची. १९८१ मध्ये ती इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेली, लोकांना भूगोलाशी देणंघेणं नव्हतं. स्टोरब्रिजच्या डायमंड हेडची पहिली रेकॉर्ड तर कोऱ्या पांढऱ्या कव्हरात आली होती. गाण्यांची यादी नाही, चित्र नाही, फक्त एकाची सही. टपालाने विकली. तिची मूळ प्रत माझ्या वाट्याला येणार नाही, पुनर्मुद्रण येईल.

सॅबाथची पहिली अर्थात घेतली, गिरणीसकट. तिचं पहिलं गाणं तीन सुरांवर उभं आहे: सा, वरचा सा, आणि तिथून खाली तीव्र मध्यम. चर्चने या अंतरावर बंदी घातली होती, ते सैतानाचे सूर, असं मेटलवाले अभिमानाने सांगतात. बंदीची कथा फारशी खरी नाही. आमच्याकडे तीव्र मध्यम रोज संध्याकाळी यमनात येतो आणि कुणी दचकत नाही. फरक सोबतीचा आहे. यमनात गंधार आणि पंचम त्याच्या दोन्ही हातांना असतात. आयोमीने त्याला एकटं उभं केलं, वर थरथरवलं. हे सुचलं कुठून, तर बटलर आदल्या दिवशी गुस्ताव होल्स्टच्या ‘प्लॅनेट्स’मधला मंगळ बासवर वाजवत बसला होता.

आणि होल्स्टपाशी आलो की माझं मेटल संपलं. हा इंग्रज संगीत शिक्षक लंडनला संस्कृत शिकला, ऋग्वेदातली सूक्तं भाषांतरून समूहगानाला लावली आणि १९०८ मध्ये सावित्रीवर एक छोटा ऑपेरा लिहिला. जेमतेम अर्ध्या तासाचा, पात्रं तीन: सावित्री, लाकूडतोड्या सत्यवान आणि मृत्यू. यम हे नाव नाही, वड नाही, सूत नाही. सुरुवातीला वाद्यं गप्प असतात. रंगमंचाबाहेरून मृत्यू एकटाच गात येतो, मी येतोय म्हणून सांगतो, आणि सावित्री त्याच्या सुरात न मिसळता आपल्याच सुरात उत्तर देते. सॅबाथच्या कव्हरवरच्या बाईपेक्षा ही अंगावर जास्त काटा आणते. होल्स्टची मुलगी इमोजेन हिने वाद्यवृंद चालवलेलं आणि जॅनेट बेकरने सावित्री गायलेलं ध्वनिमुद्रण आर्गो कंपनीने काढलं होतं. त्याची बरी प्रत मिळाली, मागवून टाकली.

या महिन्याचे मेटलचे पैसे त्यात गेले. कार्डिफच्या बजी बँडची १९७३ ची एलपी, रॉजर डीनच्या कव्हरची, पुढच्या महिन्यावर ढकलली आहे. विकणाऱ्याकडे एकच प्रत आहे, तोवर कुणी उचलली नाही म्हणजे झालं.