जवळ कोण उभा राहणार?

आमच्या पिढीतील पुष्कळांच्या वाट्याला उतारवयात अमेरिकेतील एक हिवाळा येतो, तसा तो आमच्याही वाट्याला आला. बाहेर पडण्याची सोय नाही, वर्तमानपत्र नाही, ओट्यावर येऊन बसणारा शेजारी नाही. रविवारी दुपारी चिरंजीव आणि त्यांचे एक मित्र (तेही आमच्या रामबागेतलेच) टीव्हीसमोर ठाण मांडीत, आणि आम्ही एका कोपऱ्यात शाल पांघरून बसत असू. ते लोक त्या खेळाला फुटबॉल म्हणतात. त्यात पायाचे काम थोडे आणि खांद्याचे फार, एवढेच आमच्या ध्यानात पहिल्या दिवशी आले.

पुढे एक गोष्ट मात्र मनात भरली. एका संघाला दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार संधी मिळतात. तीन संधींत काम झाले नाही, तर चौथ्या वेळी बहुधा तो संघ चेंडू लाथेने उंच उडवून प्रतिस्पर्ध्याच्या हद्दीत दूरवर धाडतो. तेथे, चाळीसएक यार्ड मागे, एक माणूस एकटा उभा असतो. चेंडू चार-साडेचार सेकंद हवेत असतो, आणि तेवढ्या वेळात समोरून दांडगे गडी त्याच्यावर धावून येत असतात. त्याची दृष्टी आभाळाकडे लागलेली असते, धावणारे पाय त्याला केवळ ऐकू येतात. हात वर करून हलवला तर त्याला कोणी स्पर्श करावयाचा नाही असा नियम आहे. पण मग त्याला पळताही येत नाही. हात हलवला नाही तर चेंडू झेलून पळावयाचे, आणि बहुतेक वेळा पाच-सात पावलांत जमिनीवर आडवे व्हावयाचे. चेंडू हातातून निसटला आणि दुसऱ्याने उचलला, तर आपल्या संघाची पाळी गेलीच. झेलला तर कोणी फारसे बोलत नाही. सुटला तर लोक वर्षानुवर्षे बोलतात.

त्या दिवशी मित्रद्वयात वाद चालला होता तो या जागी कोणाला उभे करावे याचा. संघात एक अतिशय चपळ, नावाजलेला खेळाडू होता. आम्ही आपले सहज म्हणालो, "अरे, मग त्यालाच का उभा करीत नाहीत?"

चिरंजीव म्हणाले, "बाबा, तो फार महाग आहे. पाय मोडला तर सगळा हंगाम बुडाला. तिथे एखादा नवा पोरगा उभा करायचा. गेला तर गेला."

हे वाक्य आम्ही पूर्वी कोठे तरी ऐकले आहे असे वाटले. रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवले, की ते ऐकलेले नव्हते. ते आमच्याच मनाने एकदा म्हटलेले होते. पण ते मागाहून सांगतो.

या जागेचे वैभव आणि दैन्य दोन्ही त्या देशाने पाहिलेले आहे. शिकागोच्या संघाने २००६ साली डेव्हिन हेस्टर नावाचा तरुण घेतला. उंच आलेला चेंडू झेलून थेट दुसऱ्या टोकापर्यंत नेण्याचा पराक्रम त्याने आपल्या कारकिर्दीत चौदा वेळा केला, आणि २०२४ साली मुख्यतः याच कामगिरीसाठी त्या खेळाच्या सन्मानमंदिरात त्याची प्रतिष्ठापना झाली. दुसऱ्या बाजूस काइल विल्यम्स. २०१२ च्या जानेवारीत सॅन फ्रान्सिस्को आणि न्यूयॉर्क यांच्यात अंतिम फेरीत कोणी जावे याचा सामना होता. सॅन फ्रान्सिस्कोचा नेहमीचा माणूस जायबंदी, म्हणून विल्यम्सला तेथे उभे केले. एक चेंडू त्याच्या गुडघ्याला चाटून गेला, दुसरा जादा वेळेत त्याच्या हातून हिसकला गेला. संघ २०-१७ असा हरला, आणि त्या तरुणाला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. त्याने ती जागा मागून घेतलेली नव्हती. त्याला तेथे उभे करणाऱ्यांस मात्र कोणी धमकी दिल्याचे आमच्या वाचनात नाही.

इंदूरच्या माणसाला निवडीचा विषय निघाला की होळकर संघ आठवल्याविना राहत नाही. आमच्या वडिलधाऱ्यांच्या बैठकीत राजकारणाच्या खालोखाल हाच विषय असे. १९४४-४५ पासून १९५४-५५ पर्यंतच्या अकरा हंगामांत हा संघ दहा वेळा रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात पोहोचला आणि चार वेळा विजयी झाला. लोक याचे श्रेय दरबारच्या औदार्याला देतात, आणि ते खरेही आहे. १९२३ साली सी. के. नायडू इंदुरात आले ते होळकरांच्या बोलावण्यावरूनच. पण केवळ पैशाने संघ उभा राहत नाही. कोणत्या माणसात काय दडले आहे हे ओळखणारी नजर त्यामागे असावी लागते.

मुश्ताक अलींचेच पाहा. १९३४ साली कोलकात्यात ते पहिला कसोटी सामना खेळले ते मंदगती डावखुरे गोलंदाज म्हणून. दोनच वर्षांनी मँचेस्टरला विजय मर्चंट यांच्याबरोबर ते सलामीला गेले, दोघांनी २०३ धावांची भागी केली, आणि परदेशात कसोटी शतक काढणारे पहिले भारतीय म्हणून मुश्ताक अलींचे नाव कायमचे लागले. चंदू सरवटे यांची गोष्ट तर आणखी गोड. १९४६ च्या मे महिन्यात ओव्हल मैदानावर सरे संघाविरुद्ध ते दहाव्या क्रमांकाचे फलंदाज होते. शेवटची जोडी म्हणून शुटे बॅनर्जी त्यांना येऊन मिळाले आणि दोघांनी २४९ धावा जोडल्या. दोघांचीही शतके झाली. दोन वर्षे उलटण्यापूर्वी, १९४८ च्या जानेवारीत, हेच सरवटे मेलबर्नला विनू मंकड यांच्याबरोबर सलामीला गेले आणि त्या जोडीने १२४ धावांची सुरुवात करून दिली. दहाव्या क्रमांकाच्या माणसात पहिल्या क्रमांकाचा माणूस असू शकतो, हे ज्याने स्वतःच्या अंगावर अनुभवले, तोच पुढे निवड समितीत बसला. १९८३ चा विश्वचषक जिंकणारा संघ ज्या समितीने निवडला, तिचे सरवटे एक सभासद होते. व्यवसायाने ते बोटांच्या ठशांचे तज्ज्ञ होते. माणसाचा हात पाहून माणूस ओळखण्याची त्यांना सवयच होती, असे आम्ही गमतीने म्हणत असू.

आता त्या अमेरिकन जागेला आपल्याकडे जोड कोणती? आमच्या मते शॉर्ट लेगची. फलंदाजापासून दोन-तीन पावलांवर, वाकून, डोळे उघडे ठेवून उभे राहावयाचे. तेथेही मिळवण्यासारखे थोडे आणि गमावण्यासारखे पुष्कळ. एकनाथ सोलकर तेथे उभे राहत तेव्हा शिरस्त्राणाची पद्धतच नव्हती. सत्तावीस कसोटी सामन्यांत त्यांनी त्रेपन्न झेल घेतले. १९७१ च्या ऑगस्टमध्ये ओव्हलवर अॅलन नॉटचा त्यांनी पुढे झेपावून घेतलेला झेल आमच्या पिढीने छायाचित्रात पाहिला आणि जन्मभर जपला. सोलकर मुंबईच्या हिंदू जिमखान्याच्या मैदानाची निगा राखणाऱ्याचे चिरंजीव. त्यांच्या धैर्याविषयी शंकाच नाही. तरी आम्हांस कधी कधी वाटते, की हा संघातील एखाद्या मोठ्या घरचा मुलगा असता तर त्याला तेथे उभे राहण्यास कोणी सांगितले असते काय? आणि त्याच जागेवर १९९८ च्या फेब्रुवारीत, ढाक्यातील एका क्लबच्या सामन्यात, रमण लांबा उभे होते. थोड्याच चेंडूंचा प्रश्न म्हणून त्यांनी शिरस्त्राण घेतले नाही. चेंडू डोक्यास लागला आणि तीन दिवसांनी ते गेले. वय अवघे अडतीस.

आता आमची गोष्ट.

१९८८ साली आमच्या खात्यात आंतरविभागीय सामने होत. आम्ही नुकतेच राजपत्रित अधिकारी झालो होतो, तरुण होतो, आणि कॉलेजात थोडेफार खेळलो असल्याने संघ निवडण्याचे काम आमच्याकडे आले. चिमणबागेच्या मैदानावर चामड्याच्या चेंडूने सामने होत. फलंदाजांना घालण्यापुरतेही शिरस्त्राण संघाकडे नव्हते. सलामीला कोण, गोलंदाजी कोणी टाकावी, याच्या शिफारशी बड्या बाबूंकडून, लेखापालांकडून येत. शॉर्ट लेगसाठी मात्र एकही शिफारस आली नाही. दोघा-तिघांना विचारले. एकाला चष्मा होता, एकाचे लग्न ठरले होते, एकाच्या पाठीत उसण भरली होती.

आमच्याच शाखेत एक नवा चपराशी लागला होता. वीस-एकवीस वर्षांचा, जुन्या इंदुरात राहणारा, वडील नसलेला. नोकरी अजून कच्ची होती. आम्ही त्याला बोलावून म्हटले, "तू शॉर्ट लेगला उभा राहा."

"हो साहेब," तो म्हणाला.

आम्ही मनात म्हटले, पोरगा धीट दिसतो. आणि त्याच्या पाठोपाठ मनातच दुसरे वाक्य उमटले, की लागलेच तर काम अडणार नाही. पहिले वाक्य आम्ही सर्वांना सांगितले. दुसरे आजपर्यंत कोणाला सांगितले नव्हते.

पहिल्या सामन्यात त्याने दोन झेल घेतले. आम्ही आपल्या पारखीवर खूश झालो. दुसऱ्या सामन्यात आमच्या गोलंदाजाने आखूड चेंडू टाकला, फलंदाजाने तो जोरात फिरवला, आणि चेंडू त्याच्या गालाच्या हाडावर बसला. तो खाली बसला, मग उठला. रक्त आले होते. आम्ही रिक्षाने त्याला रुग्णालयात पाठवले, सोबत एक माणूस दिला, आणि सामना पुढे चालू ठेवला. सामना आम्ही जिंकलो. सोमवारी तो सुजलेल्या चेहऱ्याने कामावर हजर होता. आम्ही दोन दिवस रजा घे म्हटले. तो म्हणाला, "रजा शिल्लक नाही साहेब." त्याने चहाचा कप आमच्या टेबलावर ठेवला. त्या कपाकडे आम्ही बराच वेळ पाहत राहिलो, पण बोललो काहीच नाही.

पुढल्या वर्षी संघ निवडताना तो स्वतः आला. दाराशी उभा राहून म्हणाला, "साहेब, एक विनंती आहे. या वेळी मला सीमारेषेवर ठेवा. उंच उडालेला चेंडू मला चांगला कळतो. वस्तीत मी तिथेच उभा राहतो."

आम्ही त्याला लाँग ऑनला ठेवले. त्या हंगामात त्याने जे झेल घेतले, तसे आमच्या संघात कोणी घेतले नव्हते. चेंडू उडाला की तो लगेच पळत सुटत नसे. क्षणभर स्थिर उभा राही, मान वर करी, आणि मग जेथे चेंडू यावयाचा तेथे जाऊन आधीच थांबलेला असे. अमेरिकेत त्या दूरवर उभ्या असलेल्या एकट्या माणसास पाहताना आम्हांस नेमका तोच आठवला होता.

म्हणजे उत्तम क्षेत्ररक्षक आमच्या संघात पहिल्या दिवसापासून होता. फक्त तो चुकीच्या जागी होता, आणि त्याला तेथे आम्ही ठेवले होते. कारण आम्ही त्याचे हात पाहिलेच नव्हते. त्याची कच्ची नोकरी तेवढी पाहिली होती.

नोकरीच्या पुढील पस्तीस-एक वर्षांत आम्ही कित्येक निवडी केल्या. निवडणुकीच्या कामावर दूरच्या मतदानकेंद्रात कोणाला धाडावे, पुराच्या दिवसांत नदीकाठच्या गावी कोणी जावे, चिडलेल्या जमावापुढे अर्ज घेण्यास कोणी उभे राहावे, अशा जागा सरकारी खात्यात नेहमीच असतात, आणि त्यांवर पाठवण्यासाठी ज्याला नाही म्हणता येत नाही असा माणूसही नेहमी सापडतो. प्रत्येक वेळी आम्ही योग्य वागलो असा दावा नाही. एवढेच, की त्या घटनेनंतर अशा जागेवर नाव लिहिण्यापूर्वी त्या माणसाला समोर बसवून विचारण्याचा प्रघात आम्ही पाळला. आणि दोन-चार वेळा दुसरे नाव न सुचल्याने स्वतःच जीपमध्ये बसलो.

यात थोरपणा काही नाही. आमच्या गावाने याहून मोठे उदाहरण पाहिलेले आहे. १९५१-५२ च्या रणजी अंतिम सामन्यात छप्पन्न वर्षांचे सी. के. नायडू दत्तू फडकरांच्या वेगवान माऱ्यापुढे स्वतः उभे होते. चेंडू तोंडावर बसून दात पडले, ते त्यांनी बाजूला सारले आणि खेळ पुढे चालू ठेवला. होळकर संघातील तरुण आपल्या कर्णधाराचा शब्द खाली का पडू देत नसत, याचे उत्तर आम्हांस त्या दातांत सापडते.

दोन वर्षांपूर्वी राजवाड्याजवळ तो भेटला. आता तोही निवृत्तीला आलेला, केस पिकलेले. वाकून नमस्कार करू लागला तेव्हा आम्ही त्याचे हात धरले. गालावर जुनी बारीक खूण होती. इतक्या वर्षांनी आम्ही विचारले, "त्या वेळी शॉर्ट लेगला उभे राहताना तुला भीती वाटत होती का रे?"

तो हसला. "वाटत होती ना साहेब. पण तुम्ही विचारलं नव्हतं."

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. घरी नातवंडे वाट पाहत आहेत म्हणून तो सराफ्याच्या दिशेने निघून गेला. आम्ही मात्र काही वेळ तेथेच उभे राहिलो.