बोलायचं मलाच असतं

मनोविश्लेषण सुरू केल्यावर बहिणीचा प्रश्न ठरलेला असे : "डॉक्टर काय म्हणाल्या?" डॉक्टर फारसं बोलत नाहीत, बोलायचं मलाच असतं, हे तिला पटत नसे. फी भरायची आणि बोलायचंही आपणच! पण या उपचाराचा सगळा भार त्यावरच आहे.

कोचावर पडायचं, डॉक्टर डोक्यामागे बसतात, त्यांचा चेहरा दिसत नाही. मनात येईल ते, येईल तसं बोलायचं. क्षुल्लक, लाजिरवाणं, अगदी त्यांच्याविषयीचंसुद्धा. १९१३ साली हा नियम समजावताना फ्रॉइडने रेल्वेच्या प्रवाशाचा दाखला दिला होता : खिडकीशी बसलेल्याने बाहेर बदलत जाणारं दृश्य आतल्या माणसाला सांगत राहावं, तसं. वाचायला किती सोपं! प्रत्यक्षात मन आधीच निवड करून बसलेलं असतं. लोकलमध्ये दादर येईपर्यंत आज काय सांगायचं हे माझं ठरून जाई, आणि ठरवलेलं सांगून झालं की खोलीत शांतता पसरे. ती शांतता फार जड असते. समोरचा माणूस आपल्याला मदत करत नाहीये, असंच वाटत राहतं.

एकदा मे महिन्यात डॉक्टरांनी सुट्टीवर जाणार असल्याचं सांगितलं. "काही हरकत नाही," मी लगेच म्हणाले. पुढच्या वेळी मात्र शब्दच फुटेना. बराच वेळ गेल्यावर फिनेलचा वास आठवला. हे काय सांगायचं, असं वाटूनही सांगितलं. मग दवाखान्याचा लांब व्हरांडा आला, मावशीचा घट्ट धरलेला हात आला. आई आत होती आणि ती कधी परत येणार हे मला कुणीच सांगत नव्हतं. "तुम्हीही न विचारता जाताय," हे वाक्य माझ्या तोंडून रागाने बाहेर पडलं. मागून शांतपणे एवढंच आलं : "तेव्हा राग कुणाला दाखवता आला असता?" मी तासभर रडले नाही की मोकळीही झाले नाही. पण कुणी निघालं की "काही हरकत नाही" म्हणायची माझी जुनी सवय त्या दिवसापासून मला ऐकू येऊ लागली. हे दुसऱ्या कुणी समजावून सांगितलं असतं, तर मी मान डोलावली असती आणि विसरून गेले असते.

मुळात ही पद्धत घडवण्यात रुग्णांचा वाटा मोठा आहे. बोलण्यातून होणारा इलाज हे वर्णन व्हिएन्नातल्या बर्था पापेनहाइमचं. फ्रॉइडचा सहकारी डॉक्टर ब्रॉयर याच्या नोंदींतली 'ॲना ओ.' ती हीच. खुद्द फ्रॉइडच्या एका रुग्ण स्त्रीने त्याला बजावलं होतं, सारखे प्रश्न विचारू नका, मला सांगू द्या. त्याने ते ऐकलं. ब्रॉयर आणि फ्रॉइड यांच्या १८९५ च्या पुस्तकात या दोघींच्या हकिकती आहेत.

जीव नकोसा झाला असेल, तर आधी मनोविकारतज्ज्ञ गाठा. विश्लेषण हा तातडीचा उपाय नव्हे. ते करायचं ठरवलंत, तर विश्लेषकाचं प्रशिक्षण कुठे झालं आणि तो स्वतः त्या कोचावर पडून बोलला आहे का, हे पहिल्याच भेटीत विचारा. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ साली कोलकात्यात स्थापन केलेली इंडियन सायकोॲनॅलिटिकल सोसायटी आजही विश्लेषक घडवते. स्वतःचं विश्लेषण करून घेणं हा त्या प्रशिक्षणाचा भाग असतो, त्यामुळे हे विचारताना संकोच करू नका.