लाडा

आत्याचं लुगडं कमरेला ठरेना, पुन्हापुन्हा खोचावं लागे, तेव्हा खारदांड्यात कुणाला त्यात आजार दिसला नाही. पहाटे मासळी आणायची, टोपली घेऊन दारोदार फिरायचं, उरलेल्या वेळात बोंबील वाळत घालायचे. अशा बाईच्या अंगावर मांस कुठून चढणार? लाडाला असं घर सोयीचं पडतं. माणूस सडसडीत आणि कष्टाचं असलं की तिचा संशय कुणालाच येत नाही.

प्रौढ वयात सावकाश येणाऱ्या स्वयंप्रतिकार मधुमेहाचं हे नाव, इंग्रजी आद्याक्षरांवरून १९९३ साली पडलेलं. मराठी कानाला मात्र ते घरातल्या शेंडेफळाचं वाटतं. ती येते बहुधा तिशीनंतर. लहान मुलांना होणाऱ्या मधुमेहाची ही सख्खी बहीण, कामही तेच: शरीराची राखण करणाऱ्या पेशींनाच फितवायचं आणि स्वादुपिंडात इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशींवर घालायचं. फक्त हिला घाई नाही. आमच्या किनाऱ्यावर ओहोटी लागते तशी ती काम करते. उभं राहून बघत बसलं तर पाणी हललेलं दिसत नाही; घरी जाऊन जेवून परत या, होड्या चिखलात बसलेल्या असतात.

या संथपणामुळेच ती ओळखू येत नाही. आत्याला एक्केचाळिसाव्या वर्षी तहान लागायला लागली, रात्री चार-चार वेळा उठणं सुरू झालं. रक्तात साखर निघाली. वय पाहून नेहमीचा, म्हणजे टाइप दोनचा मधुमेह ठरला आणि गोळ्या चालू झाल्या. त्या लागूही पडल्या, कारण सुरुवातीचे निदान सहा महिने तरी लाडा इन्शुलिनशिवाय निभावून नेते. पुढे साखर पुन्हा चढली. गोळी वाढली, दुसरी जोडली गेली, आणि दर खेपेला तिला एकच ऐकावं लागलं: तुम्ही पथ्य पाळत नाही.

ते वाक्य मला अजून टोचतं. आत्या सगळं पाळत होती. एकदा दवाखान्यातून आली, पायरीवर बसली आणि म्हणाली, “भात सोरला, आता मासली पन सोरू का?” दीड वर्ष ती स्वतःलाच दोष देत राहिली.

दुसऱ्या डॉक्टरांनी आधी तिचं मनगट पाहिलं, मग तिची थायरॉइडची गोळी. लाडाच्या गोतावळ्यात थायरॉइडचा स्वयंप्रतिकार आजार वरचेवर भेटतो. बारीक अंगकाठी, उतरलेलं वजन, दोन वर्षांत थकलेल्या गोळ्या, एवढ्यावर त्यांनी रक्ताच्या दोन तपासण्या लिहून दिल्या. एक गॅड अँटिबॉडीची: फितुरी झाली आहे का, हे ती सांगते. दुसरी सी-पेप्टाइडची. शरीर जेवढं इन्शुलिन बनवतं, त्याच्या जोडीनं तेवढंच सी-पेप्टाइड सुटतं, म्हणून स्वतःचं इन्शुलिन किती उरलं ते त्यावरून कळतं. आत्याचं थोडंच उरलं होतं. स्वादुपिंडाला पिळून इन्शुलिन काढणारी गोळी त्यांनी त्याच दिवशी बंद केली.

ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासाचे आकडे १९९७ साली छापून आले. टाइप दोन म्हणून नोंदलेल्या, पस्तिशीच्या आतल्या रुग्णांमध्ये ज्यांच्या रक्तात ही गॅड अँटिबॉडी होती, त्यांतल्या ८४ टक्क्यांना सहा वर्षांच्या आत इन्शुलिन घ्यावं लागलं. ज्यांच्या रक्तात ती नव्हती, त्यांच्यात हे प्रमाण होतं १४ टक्के. त्या ८४ टक्क्यांतल्या कितींना आधी पथ्यावरून बोलणी बसली असतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

आता इन्शुलिनचं पेन घरात आहे. पहिल्या आठवड्यात आत्यानं नवी कार्ट्रिज थेट बर्फात ठेवली. जन्मभर जे जे नासतं ते बर्फात घालणारी बाई, तिला दुसरं काय सुचणार? ती गोठली आणि फेकावी लागली. एकदा गोठलेलं इन्शुलिन वितळलं तरी कामाचं राहत नाही. न उघडलेल्या कार्ट्रिज दोन ते आठ अंशांत ठेवायच्या, म्हणून त्यांचा स्टीलचा डबा फ्रिजच्या दारात असतो, बर्फाच्या कप्प्यापासून लांब. चालू पेन कमरेच्या बटव्यात. वजन तीन किलोंनी वाढलं आहे. दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की ती टोपलीवर ओलं फडकं टाकते, हात धुते, पेनचा आकडा उन्हाकडे धरून बघते आणि मग डबा उघडते. डब्यात भात असतो, मोजून.