काचेवर चिकटवलेलं यंत्र

गाडीला जीपीएस हवा असेल तर तो कंपनीनंच डॅशबोर्डमध्ये बसवून दिलेला असावा, या मताचा मी अनेक वर्षं नुसता समर्थक नव्हतो, प्रचारक होतो. घरातल्यांना, कचेरीतल्यांना, अलिबागच्या एसटी स्टँडजवळ चहा पिताना भेटणाऱ्यांना, सगळ्यांना मी ते ऐकवत असे. काचेला रबरी वाटीनं चिकटवलेला डबा, लायटरच्या भोकातून निघून गिअरवर लोंबणारी वायर, खड्डा आला की मान टाकणारा स्टँड, हे सगळं मला गबाळं वाटायचं. आता मी तसं म्हणत नाही. मत का बदललं हे सांगण्याआधी जुन्या मताची बाजू मांडायला हवी, कारण ती बाजू अजूनही पडलेली नाही.

डॅशबोर्डमधला चांगला जीपीएस म्हणजे नुसता पडदा नव्हे. चाकं किती फिरली हे त्याला गाडीकडून कळतं, गाडी किती वळली हे आतल्या जायरोस्कोपकडून. उपग्रह दिसेनासे झाले तरी या दोन गोष्टींवर तो आपली जागा ठरवत राहतो. पोलादपूरच्या पुढे कशेडीच्या बोगद्यात शिरलं की काचेवरचं यंत्र गप्प होतं किंवा अंदाजानं बोलतं. गाडीतलं यंत्र बोगद्यातही गाडीबरोबर चालतं. या तंत्राला तर उपग्रहांचीही गरज नव्हती. होंडानं 1981 मध्ये जपानात अकॉर्ड गाडीत नकाशा बसवला तेव्हा जीपीएस सामान्यांच्या हाती आलेलाच नव्हता. जायरोस्कोप, अंतराची मोजणी आणि पारदर्शक फिल्मवर छापलेला नकाशा, एवढ्यावर ते चालायचं. (त्याच वर्षी 1 जानेवारीला आमचा कुलाबा जिल्हा रायगड झाला. शाळेतल्या भिंतीवरच्या नकाशात मात्र तो पुढे कितीतरी वर्षं कुलाबाच होता, आणि गुरुजी छडीनं त्यावर ‘रायगड’ दाखवायचे.)

शिवाय चोरीची भीती नाही, मे महिन्याच्या उन्हात काचेवर तापून बंद पडायचं नाही, आवाज गाडीच्या स्पीकरमधून. माझे मुद्दे असे भक्कम होते. माझ्या एमएच-06 गाडीत पडदा आला तेव्हा मी भाच्याला शेजारी बसवून चौल ते अलिबाग उगाचच एक फेरी मारून आणली.

भाच्याकडे काचेवरचा डबा होता. 2008-10 च्या सुमारास मॅपमायइंडिया, सॅटगाइड, गार्मिन यांची अशी यंत्रं आपल्याकडे दुकानांतून दिसू लागली होती, त्यांतलंच एक. हा मुलगा ते गाडीतून काढून खिशात घालायचा, घरी नेऊन कॉम्प्युटरला जोडायचा, नकाशा ताजा करायचा. मित्राची गाडी असो की भाड्याची, याचं यंत्र काचेवर हजर. मी त्याची थट्टा करायचो. तो एकदा म्हणाला, “मामा, तुमच्या गाडीला गाडीतलं सगळं कळतं. रस्त्यातलं तिला कोण सांगणार?”

हे वाक्य मला तेव्हा झोंबलं नाही. आमच्या किनाऱ्यानं ते हळूहळू झोंबवलं.

रायगडचा किनारा रस्त्यांच्या मानानं फार खोडसाळ आहे. धरमतरची खाडी, रेवदंड्याला कुंडलिकेची, मुरूडच्या पुढे राजपुरीची आणि जिल्ह्याच्या टोकाला सावित्रीची बाणकोट खाडी, अशा चार ठिकाणी समुद्र आत घुसलेला. पलीकडचं गाव डोळ्यांना दिसतं, पण गाडीनं जायचं तर तासांचा हिशेब. रेवदंड्याहून साळावला पूल आहे. आगरदांड्याहून दिघीला आणि बागमांडल्याहून वेसवीला गाडी फेरीबोटीत चढवावी लागते. आमच्याकडे तिला जंगलजेटी म्हणतात. मुरूडहून दिवेआगरला जाताना आगरदांड्याला जंगलजेटी मिळाली तर प्रवास सुखाचा, नाहीतर पार तळा-म्हसळ्याकडून वळसा.

नकाशाच्या प्रोग्रॅमला हे पाणी कसं दिसतं? त्याच्या लेखी सगळे रस्ते म्हणजे एकमेकांना जोडलेल्या रेषा, प्रत्येक रेषेला अंतर आणि वेळ. फेरीबोट हीसुद्धा त्याला एक रेषाच. ती कुणी भरली असेल तर तो तुम्हाला बोटीत घालतो, नसेल तर त्याच्या जगात दिघी आगरदांड्यासमोर नाहीच. आणि भरलेली असली तरी सेटिंगमध्ये ‘टोल टाळा’च्या शेजारी ‘फेरी टाळा’ असं एक बटण असतं, तेही बघावं लागतं. माझ्या गाडीच्या नकाशात ती रेषा नव्हती. भाच्याच्या डब्यात होती. एवढा छपरावरचा अँटेना, एवढा जायरोस्कोप, आणि ही बया मला मुरूडमधून मागे फिरवून डोंगरात घालत होती, आणि तो खिशातला डबा सरळ जेटीकडे बोट दाखवत होता.

तरीही मी म्हणत राहिलो की एक रेषा राहून गेली, एवढंच.

मग 12 जानेवारी 2024 ला अटल सेतूचं उद्घाटन झालं. शिवडी ते चिर्ले, जवळजवळ 22 किलोमीटर, त्यातला बराचसा समुद्रावरून. पुलावर गेलो तेव्हा गाडीच्या पडद्यावर आमचा बाण निळ्या रंगात तरंगत होता. रस्त्याच्या जवळपास असलो की ही यंत्रं बाणाला ओढून रस्त्यावर बसवतात; इथे ओढायला रस्ताच नव्हता. गंमत अशी की जागा अगदी अचूक होती. आम्ही जिथे होतो तिथेच ते आम्हाला दाखवत होतं, मीटरला मीटर बरोबर, भर समुद्रात. बायकोनं विचारलं, “आता हे होडी मागवतंय का?” हसता हसता मला एक गोष्ट लखलखीत कळली. मी इतकी वर्षं यंत्राच्या गुणांवर बोलत होतो, आणि माझं यंत्र खरंच गुणी होतं. फक्त नकाशा शिळा होता. अचूकपणानं शिळेपणावर काहीच इलाज होत नव्हता.

गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. नकाशाचं आयुष्य या जिल्ह्यात तेवढं कुठलं? रेवस-करंजा आणि आगरदांडा-दिघी पुलांची कामं हाती घेतली आहेत. मुख्यमंत्री अंतुल्यांच्या काळापासून ऐकत आलेला रेवस ते रेड्डी सागरी महामार्ग या खाड्या ओलांडल्याशिवाय पुरा व्हायचा नाही. हे पूल झाले की आजच्या रेषा पुसल्या जातील, नव्या येतील. डॅशबोर्डमधला नकाशा ताजा करायचा तर पहिली काही वर्षं फुकट, मग पैसे, मग सर्व्हिस सेंटरच्या चकरा, आणि शेवटी “या मॉडेलला आता अपडेट येत नाही” असं नम्र उत्तर. काचेवरचं यंत्र शिळं झालं तर ताजं करता येतं, नाही जमलं तर टाकून देता येतं. डॅशबोर्ड टाकून देता येत नाही.

थळच्या एका ओळखीच्या तांडेलाशी हे बोलत होतो. बोटीवर त्याच्याकडे दोन्ही होती, केबिनमध्ये पक्कं बसवलेलं यंत्र आणि हातातलं. जाळं फाडणारे खडक आणि मासळी लागते त्या जागा तो हातातल्या यंत्रात साठवायचा आणि रात्री ते घरी न्यायचा. बोट दुसऱ्यानं चालवली तरी जागा त्याच्याकडे. इतकं साधं माझ्या डोक्यात आलं नव्हतं, कारण मी यंत्र कुठे बसवलंय याच्याच गोष्टी करत होतो. नकाशा कुणाच्या ताब्यात आहे हा प्रश्न मी विचारलाच नव्हता.

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग मोबाइल आहेच की, कशाला ही जुनी भांडणं. मला मोबाइलपाशी एवढ्या लवकर यायचं नाही. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, खांब पडले, मुरूड-श्रीवर्धनकडे कितीतरी गावांत वीज आठवडेच्या आठवडे नव्हती, आणि टॉवर बंद म्हणून फोनही नाही. त्या दिवसांत दिवेआगरच्या नातेवाइकांकडे ताडपत्री आणि मेणबत्त्या घेऊन निघालो, तेव्हा मोबाइलवर करड्या कोऱ्या पडद्यावर निळा ठिपका. उपग्रहाला टॉवरची गरज नसते. नकाशा मात्र इंटरनेटवरून येत होता आणि तो अडला होता. गाडीतला नकाशा चालू होता. भाच्यानं कपाटातून काढलेला जुना डबाही चालू होता. झाड कुठे पडलंय हे दोघांनाही माहीत नव्हतं, ते कोयता घेऊन रस्त्यात उभ्या असलेल्या पोरांना माहीत होतं. पण पर्यायी गावरस्ता दोघांनी दाखवला. म्हणजे नकाशा यंत्राच्या पोटात साठवलेला हवा, ही जुन्या यंत्रांची गोष्ट मी अजून सोडलेली नाही. फणसाडच्या जंगलातून सुपेगावकडे जाताना वादळ नसतानाही नेटवर्क जातंच.

आणि ताजा नकाशासुद्धा पाण्यात घालू शकतो. जुलै 2025 मध्ये उलव्याकडे निघालेली एक मोटार बेलापूरला खाडीपुलावर चढण्याऐवजी मोबाइलवरचा रस्ता बघत पुलाखालून धक्क्यावर गेली आणि खाडीत पडली. सागरी सुरक्षा पोलिसांनी गाडीतल्या बाईंना वाचवलं. पूल आणि पुलाखालचा रस्ता वरून पाहिलं तर एकाच जागी असतात, आणि जीपीएसला उंची नीटशी कळत नाही. चढ ओळखणारं गाडीतलं यंत्र इथे कदाचित उपयोगी पडलं असतं. माझ्या जुन्या मताला मिळालेला हा गुण मी लपवणार नाही.

लपवणार नाही अशी आणखी एक गोष्ट आहे. गाडीतल्या जीपीएसची मी बाजू घ्यायचो त्यात जायरोस्कोपचा वाटा किती आणि दिमाखाचा किती, याचा हिशेब केला तर दिमाख जड भरतो. गणपतीला गावात गाडी लावावी, आत पडदा उजळावा, चार जणांनी डोकावून बघावं. काचेवरच्या डब्यात हे सुख नव्हतं. तो डबा म्हणजे ज्याच्या गाडीला पडदा नाही त्याची खूण होती. चाकांची मोजणी वगैरे मी नंतर वाचलं, मत आधी झालं होतं.

सध्या मी फोन वापरतो, पण त्या जुन्या डब्यासारखा. अलिबाग ते श्रीवर्धनचा पट्टा घरच्या वायफायवर आधीच उतरवून ठेवतो, म्हणजे टॉवर गेला तरी नकाशा राहतो. फोन हातात धरायचा नाही, हे तर कायद्यानंच सांगितलंय. 1 ऑक्टोबर 2020 पासून फक्त रस्ता बघण्यासाठी, लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीनं वापरायची मुभा आहे. म्हणून स्टँड. होय, रबरी वाटीचाच. पावसाळ्यात आगरदांड्याला निघण्याआधी मात्र जेटीवर फोन करून बोट चालू आहे का ते विचारतो, कारण ते कुठल्याच नकाशात वेळेवर येत नाही.

गाडी आता बदलायची आहे. शोरूममध्ये स्पष्ट सांगितलं, नेव्हिगेशनचे जादा पैसे मी देणार नाही, साधा पडदा द्या, फोन जोडता आला की झालं. सेल्समन पोरगा समजूतदार होता. म्हणाला, “काका, पण सनरूफ त्याच व्हेरिअंटला येतं.” बायकोला सनरूफ हवं आहे.